शेवट सांगायचा नाही

३ फेब्रुवारी

धरणाखाली गेलेल्या गावातल्या शिक्षिकेची कादंबरी संपवली. शेवटच्या चाळीस पानांत लेखकाची नुसती धांदल – तीन मरणं, एक लग्न आणि वर पाणी! कुणी दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवत होतं की काय? शिक्षिका मात्र आवडली. खडूस, पण खरी.

शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं – "बाई उत्तम, शेवट घाईत." खाली तारीख. आता यांची पाळी.

आमच्या घरचा हा कायदा यांनीच केला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी यांना एका रहस्यकथेतला खुनी सांगून टाकला – दोन दिवस अबोला! तेव्हापासून ठरलं. आधी वाचेल त्याने शेवटच्या पानावर एक ओळ आणि तारीख लिहायची. दुसऱ्याने स्वतःचं वाचून होईपर्यंत ते पान उघडायचं नाही. आणि काही झालं तरी शेवट सांगायचा नाही. चाळीस वर्षं होत आली. संसारात बाकी काय काय मोडलं – कपबश्या, शपथा, माझा डावा पाय – हा कायदा नाही मोडला.

उद्या यांच्या पोटाच्या तपासणीचा अहवाल मिळणार.

४ फेब्रुवारी

मिळाला. आज लिहवत नाही.

५ फेब्रुवारी

लिहिते. कुठेतरी सांगायलाच हवं.

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. स्वादुपिंडात गाठ. पसरलीय. कापून उपयोग नाही. "चार महिने. फार तर सहा." माणूस वाईट नाही – बोलताना टेबलावरचं पेपरवेट फिरवत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "त्यांना सांगायचं की नाही ते घरच्यांनी ठरवा. काही जण खचतात."

बाहेर हे बाकावर बसून धरणाची कादंबरी वाचत होते. "काय म्हणाला?" मी म्हणाले, "जठराला सूज आहे. पथ्य पाळा म्हणाला." इतकं सहज निघालं तोंडातून! माझी मलाच भीती वाटली. हे म्हणाले, "बरं. थांब, एवढा परिच्छेद होऊ दे." मी उभी राहिले. परिच्छेद संपला. घरी आलो.

लेकीला फोन केला. आधी रडली, मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस, आई. माझी शपथ आहे तुला. दोन-तीन महिने तरी सुखाने जाऊ देत त्यांचे." मलाही तेच हवं होतं – इथे कशाला खोटं लिहू? शपथ तिची, सोय माझी.

प्रश्न कागदाचा. "जपून ठेवा, भरती करायची वेळ आली तर लागेल," म्हणालेत. म्हणजे फाडताही येत नाही. आणि या घरात कागद लपवायला जागा नाही! खणांत हे पेन्सिली शोधतात. कपड्यांच्या घड्या हेच करतात. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस – कपाटात एक पुस्तक उलटं असलं तरी यांना घास गिळत नाही.

शेवटी सुचलं. कुलपांचा इतिहास! गेल्या वर्षी वन्संनी भावाला भेट दिलेलं जाडजूड पुस्तक, चारशे बारा पानं. तेविसाव्या पानावर यांनी ते मिटलं – "कुलपांवरच्या पुस्तकात दर पानाला तीन चुका! म्हणजे दारं सताड उघडीच की!" आणि एकदा मिटलेलं पुस्तक हे पुन्हा हातात धरत नाहीत. घटस्फोट म्हणजे घटस्फोट.

पान १८८ मध्ये ठेवला. पुस्तक होतं तिथेच, दुसऱ्या फळीवर. झाकली मूठ.

११ फेब्रुवारी

आज प्रयोगशाळेत एका वसतिगृहाच्या टाकीचं पाणी तपासायला आलं होतं. नमुना दोनदा लावला, दोन्हीदा तेच. शिक्का मारला – पिण्यास अयोग्य. तिथला व्यवस्थापक हात जोडून उभा. "बाई, जरा सौम्य शब्दांत लिहा ना. मुलींचे आईबाप घाबरतील." मी म्हणाले, "घाबरू देत. पाणी पिणाऱ्याला पाणी कसं आहे ते कळायलाच हवं." मोठी आली तत्त्वाची!

घरी येऊन गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडलं. नखात कागद अडकला. लेबलाशिवाय बाटली म्हणजे आमच्या खात्यात गुन्हा – नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच हे शिकवते. यांना म्हटलं, पित्ताच्या आहेत.

"तपासनीसबाईंनी दिल्यात म्हणजे तपासूनच दिल्या असणार," म्हणाले. नेहमीचीच थट्टा. मी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

१८ फेब्रुवारी

यांनी धरणाची कादंबरी आज संपवली. पंधरा दिवस लागले! एरवी असल्या पुस्तकाचा तीन दिवसांत फडशा. मी कामावर निघते तेव्हा पुस्तक उशाशी, संध्याकाळी येते तेव्हाही उशाशी, आणि खूण तिथल्या तिथे. वाचायची शक्तीच राहिली नाही, दुसरं काय.

यांची ओळ – "शेवट घाईतच येतो. लेखकाचा दोष नाही." मी वाद घातला. लेखकाचा नाही तर कुणाचा? एरवी तासभर भांडले असते. आज नुसते हसले.

२ मार्च

एका डॉक्टरने लिहिलेलं पुस्तक वाचतेय – शेवटचे दिवस मोजणाऱ्या रुग्णांच्या खऱ्या हकिकती. वर्तमानपत्राचं वेष्टण घालून, प्रयोगशाळेत, डबा खाताना. घरी आणत नाही. चोरून वाचायचं वय चौदा-पंधरा. मी साठीला टेकले आणि आता ही वेळ!

भाषा कोरडी, सल्ले फार. हकिकती मात्र सोडवत नाहीत. एक सुतार आहे. बायको त्याला सांगत नाही, तो बायकोला विचारत नाही, आणि खोलीला रंग कुठला द्यायचा यावर दोघं महिनाभर भांडतात. लेखक म्हणतो, रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलंच असतं. याला काय जातंय म्हणायला! सुताराला कळलं असेल. यांना नाही. यांना कळलं असतं तर बोलले नसते का? मुद्रितात एक ओळ सुटली तर भर उन्हात सायकल मारत लेखकाच्या घरी जाऊन सांगणारा माणूस हा! याच्या पोटात काही राहत नाही.

दुपारी पुस्तक संपलं. शेवटच्या पानावर काही लिहिलं नाही. लिहून वाचणार कोण?

१९ मार्च

रहस्यकथा. डोंगरावरचं हॉटेल, सात पाहुणे, आतून कडी घातलेली खोली. साधारणच. खून स्वयंपाकिणीने केला हे मलाही साठाव्या पानावर कळलं, म्हणजे बघा.

रहस्यकथा वाचताना हे पहिल्या चाळीस पानांत खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या डबीत टाकतात. इतक्या वर्षांत दोनदा चुकले असतील. आज पुस्तक मिटून म्हणाले, "मला तर शेवटपर्यंत काही कळलं नाही बुवा."

"आणि चिठ्ठी?"

"लिहिलीच नाही. म्हटलं, बघू न कळता कसं वाटतं."

या गोळ्यांनी डोकंही मंद होतं का? डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

३ एप्रिल

वजन अकरा किलोंनी उतरलंय. यांना म्हटलं, काटा बिघडलाय. "मग काट्यालाही पथ्य लावा," म्हणाले.

२१ एप्रिल

बर्फात अडकलेल्या जहाजाचं पुस्तक दोघांचंही वाचून झालं. खलाशांच्या पत्रांवरून लिहिलेली मोहिमेची हकिकत आहे. कादंबरीवाल्यांनी शिकावं असं लिहिलंय! कुठे रडारड नाही. पिठाचं पोतं किती उरलं, कुणाचं बोट गळून पडलं – सगळं एकाच सुरात. मदत येणार नाही हे कप्तानाला पहिल्याच हिवाळ्यात कळलेलं असतं. तो कुणाला सांगत नाही. वसंतात बर्फ फुटेल म्हणतो. खलाशांना रोज दाढी करायला लावतो, नाटकं बसवायला लावतो. असे दोन हिवाळे.

आज त्यावर बोललो. मी म्हणाले, "कप्तान थोर. सगळं ओझं एकट्याने वाहिलं. पोरांना हसतखेळत ठेवलं."

यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. मग म्हणाले, "थोर खराच. पण फार एकटा पडला गं. सांगून टाकायला हवं होतं त्याने."

"कुणाला, खलाशांना? खचले असते!"

"विचारलं होतं का त्यांना?"

मी दुधाचं पातेलं घासत होते. घासून झालं होतं तरी घासत राहिले. अगदी ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं! हात पुसले, वळले, यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, तोंड उघडलं – आणि विचारलं, "चहा टाकू?"

"टाक," म्हणाले. "सावकाश टाक. घाई नाही."

भित्री. दुसरा शब्द नाही मला.

१० मे

लेक आठ दिवस राहून आज गेली. बापासमोर खिदळायची आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर डोकं टेकायची. काल मी म्हणाले, "अगं, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? सांगूया आता." तर म्हणे, "मी इथे असताना नको, आई. मला बघवणार नाही." म्हणजे मी एकटीने सांगायचं. आणि मी एकटी सांगणार नाही हे तिलाही ठाऊक, मलाही.

यांनी तिला पुस्तकं दिली. दोन पिशव्या भरून! "ने गं, फळीवर जागा होऊ दे. नवीन पुस्तकं कुठे ठेवायची?" लेकीने कुलपांच्या इतिहासाला हात घातला आणि मी पुढे धावले. हेच म्हणाले, "ते राहू दे. ते तुझ्या आईला वाचायचंय."

मला कुठे वाचायचंय ते! मी तर त्या फळीवरची धूळही झटकत नाही तीन महिने. पण सुटले. देव पावला.

१४ जून

पुस्तक यांना हातात पेलत नाही आता. मी रजा टाकलीय. वाचून दाखवते.

सध्या लिफ्ट चालवणाऱ्या बाईच्या कथा चालू आहेत. दहा मजले, रोज तीच माणसं, आणि प्रत्येक गोष्ट एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतची. छान आहेत. छोट्या आहेत हे तर फारच छान – दमायच्या आत संपतात. डोळे मिटून ऐकतात आणि मी वाक्य गिळलं की बोट वर करतात. आवाज खोल गेला तरी तपासणी चालूच!

आज सातवी गोष्ट संपल्यावर म्हणाले, "ते कुलपांचं वाच ना जरा."

"ते कसलं वाचायचं! चुकांनी भरलंय. तुम्हीच टाकून दिलंत ना?"

"मधलंच कुठलं तरी पान वाच."

"त्यात नुसत्या किल्ल्या आणि खिळे. उगाच डोकं उठेल तुमचं. ही आठवी गोष्ट ऐका, हिच्यात लिफ्ट बंद पडतेय."

माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "बरं. राहू दे. लिफ्टचं वाच."

वाचलं. दोन ओळी सुटल्या. यांनी बोट वर केलं नाही.

२ जुलै

सकाळी साडेदहाला गेले. अकरावी गोष्ट अर्धी राहिली.

मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. जमलं मला.

२९ जुलै

वन्सं आल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. "दादाला एवढं मोठं दुखणं, आणि मला सांगितलं नाहीस, वहिनी? त्याला तरी सांगितलं होतंस का?"

"नाही."

"म्हणजे तो न कळताच गेला?"

"सुखाने गेले," मी म्हणाले. निघताना म्हणाल्या, "मी दिलेलं ते पुस्तक नेऊ का? आठवण म्हणून." म्हटलं, पुढच्या खेपेला न्या.

त्या गेल्यावर कागद काढून घ्यायला पुस्तक उतरवलं. अंगठ्याने पानं सरकवताना तिसाव्या पानावर समासात पेन्सिल दिसली. यांची खूण – शब्द गाळण्याची, ती शेपटीवाली.

तेविसाव्या पानावर मिटलं होतं ना?

पुस्तक बंद केलं. १८८ पर्यंत जायचा धीर झाला नाही.

३१ जुलै

असेल. कंटाळा आला असेल एखाद्या दुपारी, वाचली असतील आणखी दहा-वीस पानं. १८८ पर्यंत कशाला जातील?

पहिल्या पानापासून वाचायला घेतलंय. मध्येच उघडायचं नाही, शेवटचं पान बघायचं नाही. कायदा म्हणजे कायदा. आणि खरं लिहायचं तर – कुठेतरी ही पेन्सिल थांबलेली मला बघायचीय.

पुस्तक वाईट नाही हो! पूर्वी म्हणे लाकडी कुलपं असत आणि किल्ली हातभर लांब. माणसं ती खांद्यावर टाकून रस्त्याने जात. कुणाच्या घराला कुलूप आहे ते सगळ्या गावाला दिसायचं. पान ६४. पेन्सिल आहे.

२ ऑगस्ट

पान ११८. दर पानाला तीन नव्हे, चार चुका. एकही सोडलेली नाही.

४ ऑगस्ट

पान १६०. आता थांबा ना! येऊ दे कंटाळा! एवढं एक पुस्तक अर्धवट टाका माझ्यासाठी.

५ ऑगस्ट

पान १८७. पेन्सिल आहे.

६ ऑगस्ट

कागद ठेवला होता तिथेच. घडीही माझीच, तशीच. अहवालात वय एकाहत्तर छापलंय. त्यावर बारीक पेन्सिलीची काट, आणि शेजारी समासात – ७०.

उरलेली दोनशे चोवीस पानं वाचायची आहेत.

११ ऑगस्ट

वाचून झालं. शेवटचं पान उघडलं.

"तपासनीसबाई, १८८ वरचा कागद वाचला. तू सांगशील त्या दिवशी मला कळेल. घाई नाही."

खाली तारीख. १४ फेब्रुवारी.